‘झाड दिलंस? कुणाला?’

या खेपेला टपालात झाडंच झाडं आहेत. मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की हिब्रूतलं ‘झाड लावणं’ शिकायला मला दोन वर्षं लागली. तेवढ्यावरून पत्रं आली. बरं झालं. ‘इस्राएलची हवा कशी आहे’ या प्रश्नाला उत्तरं देऊन मी दमले आहे. (हवा गरम आहे. आमच्या दिमोनात जरा जास्तच.)

प्रश्न : मावशी, मी घरबसल्या हिब्रू शिकते आहे. झाड लावणे म्हणजे ‘लाताअत’ असं शिकवलं. धातू सांगितला नून-तेत-आयिन, ही तीन हिब्रू अक्षरं. मग ‘लाताअत’मधला नून कुठे पडला? आणि शेवटचा ‘त’ कुठून उगवला? आमचे सर म्हणतात, पाठ करा. तुम्ही कसं शिकलात? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुझ्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. नून पडलाच. हिब्रूत पडणाऱ्या नूनचं एक अख्खं खानदान आहे. पण मी कशी शिकले ते आधी सांगते, कारण माझी फजिती व्याकरणापेक्षा लवकर लक्षात राहते.

आम्ही १९७१ साली आलो. मी एकोणीस वर्षांची होते. रेवदंड्याला आजोळ, मुंबईत शाळा, आणि हिब्रू म्हणाल तर सिनेगॉगमधल्या प्रार्थनांपुरतं. म्हणजे वाचता यायचं, बरंचसं तोंडपाठही होतं, पण दुकानात जाऊन मीठ मागता येत नव्हतं. इथे नव्याने आलेल्यांना भाषा शिकवायच्या वर्गाला उलपान म्हणतात. आमच्या वर्गात मोरोक्कोचे, रोमानियाचे, बगदादचे आणि आम्ही ‘होदीम’, म्हणजे हिंदुस्थानी. मोरा, म्हणजे बाई, रोमानियाच्या. कडक, पण मनाने चांगल्या.

१९७२च्या जानेवारीअखेरीस तू-बिश्वात आला. झाडांचं नवं वर्ष. सगळ्या उलपानला बसमधून गावाबाहेर नेलं आणि प्रत्येकाच्या हातात काळ्या पिशवीतलं एकेक रोप दिलं. दगडासारखी जमीन, वर भुरकट माती, आणि खणायला तुरिया. तुरिया म्हणजे आपल्या फावड्याची आणि कुदळीची मधली बहीण. मी झाड लावलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मोरांनी एकेकाला फळ्यापाशी बोलावून ‘काल काय केलंस’ ते लिहायला सांगितलं. मी ऐटीत लिहिलं, ‘नाताती एत्स.’

मोरांनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “नातात एत्स? लेमी?” झाड दिलंस? कुणाला?

वर्ग हसला. मला कळेना काय चुकलं. चुकलं हे की ‘मी दिलं’ आणि ‘मी लावलं’ ही दोन्ही रूपं आजच्या इस्राएली तोंडात जवळजवळ एकसारखी वाजतात. ‘दिलं’ ते नून-ताव-नून या धातूचं नाताती. ‘लावलं’ ते नून-तेत-आयिनचं नाताअ्ती. तेत आणि ताव आता दोन्ही ‘त’च झाले आहेत, आणि घशातून काढायचा आयिन बहुतेक लोक गिळून टाकतात. राहिलं काय? लिपी. आणि लिपीत मी दोन ताव काढून बसले होते.

माझ्या बाकावर बगदादची एक बाई बसायची. तीन मुलांची आई. तिने मधल्या सुट्टीत माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. “नाताऽअ्‌ती,” ती म्हणाली, आणि माझ्या बोटांखाली तिचा गळा आवळल्यासारखा हलला. तिची भाषा अरबी, म्हणून आयिन तिला जन्मापासून येत होता. माझ्या मराठी गळ्यातून तो निघाला तो उलटी होताना निघतो तसा. तिला इतकं हसू आलं की चहा सांडला. आजही मी आयिन नीट काढत नाही, पण जिथे तो लिहायचा तिथे बोटांना तो गळा आठवतो. तुझ्या ओळखीत कुणी येमेनचे किंवा इराकचे म्हातारे ज्यू असतील तर त्यांच्याकडून हे क्रियापद ऐक. सर जे पाठ करायला सांगतात ते कानाने होईल.

आता नून. मराठी माणसाला हे समजायला खरं तर सोपं आहे, कारण आपल्या भाषेत हेच घडून गेलं आहे. संस्कृतात भक्त, प्राकृतात भत्त, आणि आपल्या ताटात भात. सप्तचं सत्त, मग सात. एका व्यंजनाला पुढच्याने गिळलं, गिळून तो दुप्पट झाला, आणि पुढे दुप्पटपणाही झिजला. हिब्रूत नूनचं तेच. त्याला स्वतःचा स्वर नसला आणि लगेच पुढे दुसरं व्यंजन आलं की नून त्यात विरून जातो. ‘तो लावील’ हे व्हायला हवं यिन्‌ता. झालं यित्ता, आणि आता बोलण्यात यीता. जुन्या ग्रंथात त्या तेतच्या पोटात एक टिंब दिसतं, त्याला दागेश म्हणतात. ते टिंब म्हणजे गिळलेल्या नूनची ढेकर समज.

म्हणून भविष्यकाळात नून कुठेच दिसत नाही. मी लावीन, एता. तू (बाई) लावशील, तीत्ई. आम्ही लावू, नीता. हो, नीता. या नावाच्या वाचकांनी रागावू नये, उलट खूश व्हावं. त्यातला न हा धातूचा नून नव्हे, तो ‘आम्ही’चा नून आहे. धातूचा तर आधीच पडलेला.

भूतकाळात मात्र नूनला स्वर मिळतो, म्हणून तो टिकतो. नाता, त्याने लावलं. नात्आ, तिने लावलं. वर्तमानातही टिकतो. पुरुष नोतेआ, बाई नोताअत, आणि पुष्कळ जण नोत्ईम.

आणि ‘लाताअत’? तिथे नून विरघळत नाही, सरळ गळूनच पडतो, आणि भरपाई म्हणून शेवटी एक ताव चिकटतो. तुला जो उपरा वाटला तो हाच. असं वागणारं हे एकटं नाही. नातानपासून लातेत, देणे. नासापासून लासेत, उचलून नेणे. नागाशपासून लागेशेत, जवळ जाणे. पण सगळ्याच नूनवाल्यांना हा नियम लावायला जाऊ नकोस. नाफाल म्हणजे पडला, आणि त्याचं लिनपोल होतं, नून जागेवर ठेवून. पडणे या क्रियापदातलाच नून पडत नाही, आहे की नाही गंमत? बोलताना पुष्कळ लोक ‘लिनतोआ’ म्हणतात, झाड लावण्यालाच. तेही चालतं, कुणी हसणार नाही. पण बायबलमधल्या कोहेलेत या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, जिथे प्रत्येक गोष्टीला वेळ असते असं सांगितलंय, तिथे ‘एत लाताअत’ आहे, लावण्याची वेळ. आणि लगेच पुढे, लावलेलं उपटण्याची वेळ. मी पुस्तकी बाजूने आहे. मला लाताअतच आवडतं.

युक्ती विचारलीस, तर मला जी सापडली ती सांगते. ती तुझ्या उपयोगी पडेल की नाही, सांगता येत नाही, कारण ती आमच्या घरातली आहे. आम्हा बेने इस्राएलांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, मलिदा करतात. लग्नाआधी, नवस फेडताना, कुणी आजारातून उठलं की. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर पाच फळं, आणि एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलियाहू प्रेषिताच्या, नावाने प्रार्थना. त्यात एक वाक्य येतं, ‘वेयित्तेन लेखा’, देव तुला देवो, आकाशातलं दव आणि जमिनीची समृद्धी. बायबलमधल्या उत्पत्तीच्या २७व्या अध्यायातला तो इसहाकाचा आशीर्वाद. हे मी बोलायला लागल्यापासून म्हणत आले होते. रेवदंड्याच्या ओटीवर आजीच्या मांडीला मांडी लावून, पोह्यांकडे डोळे लावून. वेयित्तेन! यिन्‌तेन नव्हे, यित्तेन. नून गिळलेला, ताव दुप्पट. पडलेला नून मी एकोणीस वर्षं रोज तोंडात घोळवत होते, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं.

उलपानमध्ये हे डोक्यात शिरलं त्या संध्याकाळी मी घरी येऊन आईला म्हटलं, यित्तेन तसंच यित्ता. देवाने एदेनमध्ये बाग लावली ते ‘वय्यित्ता’. देणं आणि लावणं ही जुळी भावंडं आहेत, एकाच साच्यातली. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “मग वर्ग हसला कशाला?”

तुला मलिदा नसेल तर दुसरा एखादा शब्द शोध, जो तोंडात आधीच बसलेला आहे. आणि चार शब्द एका कागदावर लिहून आरशापाशी चिकटव, कारण हे चौघे तुला हमखास छळणार आहेत. लातेत, देणे. लादाअत, जाणणे. लाताअत, लावणे. लित्ओत, चुकणे. शेवटचे दोन स्वरचिन्हांशिवाय लिहिले की फक्त एका वावचा फरक राहतो. मी एकदा पोरांच्या बालवाडीच्या फलकावर ‘चला, झाडं लावूया’ऐवजी ‘चला, चुका करूया’ लिहून ठेवलं होतं. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोन वर्षं का लागली, हेही सांगून टाकते. पहिल्या वर्षी ही फजिती. दुसऱ्या वर्षी क्रियापद चोख आलं, तर जमीनच सुट्टीवर! दर सातवं वर्ष श्मिताचं असतं. त्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, झाड लावायचं नाही. १९७२-७३ हे नेमकं श्मिताचं निघालं. मी भविष्यकाळ घोकत बसले. एता, एता, एता.

एक पुरवणी. मराठीतून हिब्रू व्याकरण समजावण्याचा खटाटोप नवा नाही. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मुंबईत खास बेने इस्राएलांसाठी मराठीत हिब्रू व्याकरणाचं पुस्तक काढलं होतं. त्याचा हेतू उघडच वेगळा होता. आमच्या बहुतेक पूर्वजांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. मग शतकाच्या उत्तरार्धात योसेफ एझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. तेव्हा सरांना सांग, ‘पाठ करा’ म्हणायच्या आधी दोनशे वर्षं लोक समजावून घेत आले आहेत.

प्रश्न : मराठीत आपण झाड ‘लावतो’, भात ‘लावतो’, बी ‘पेरतो’. हिब्रूत या सगळ्याला वेगवेगळी क्रियापदं आहेत का? कुंडीत कढीपत्ता लावला तर कोणतं वापरायचं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कढीपत्त्याचं विचारलंत म्हणून तुम्हाला दोन गुण जास्त.

आधी आपलं ‘लावणे’ किती दांडगं आहे ते बघा. आपण झाड लावतो, दिवा लावतो, कुलूप लावतो, अंगाला तेल लावतो, पोराला शिस्त लावतो आणि शेजाऱ्यांत आग लावतो. हिब्रूत यातल्या प्रत्येकाला वेगळं क्रियापद. माझ्या आईला हे मान्य नव्हतं. मी तिला शिकवलं की लाताअत म्हणजे लावणे. तिने त्याच शुक्रवारी संध्याकाळी शेजारणीला अभिमानाने सांगितलं, “नाताअ्ती नेरोत.” म्हणजे, मी मेणबत्त्या लावल्या. म्हणजे, जमिनीत. शेजारीण मोरोक्कोची. ती आमच्या अंगणात डोकावून बघून गेली. दिव्याला लेहद्लीक म्हणायचं हे आई मग आयुष्यभर विसरली नाही.

(आमचं घर ‘शिकून’मध्ये होतं. सरकारने बांधलेल्या त्या ठोकळेवजा इमारतींना हिब्रूत शिकूनच म्हणतात. बाबा म्हणायचे, न शिकता शिकूनमध्ये आलो.)

आता मुद्द्याचं. बी पेरणं म्हणजे लिझ्‌रोआ. हे गहू, बार्ली, मुळा अशा कशालाही. छोटं रोप उचलून लावायचं असेल, कोबी, टोमॅटो, फुलझाड, तर लिश्तोल. रोपाला श्तील म्हणतात आणि रोपवाटिकेला मिश्ताला. आणि खोड धरणारं, वर्षानुवर्षं उभं राहणारं झाड असेल तर लाताअत. त्यातूनच माता. आई नव्हे, फळबाग. केळीची माता, खजुराची माता. पहिल्यांदा बसमधून ‘माता’ लिहिलेली पाटी वाचली तेव्हा मी खिडकीतून देऊळ शोधत होते.

म्हणजे कोकणातली भाताची लावणी लिश्तोलच्या घरात जाईल. राबातून रोपं काढून, चिखलात वाकून एकेक रोप खोचायचं, ते लिश्तोलच. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, कंबर मोडायला नाव काहीही द्या.

पण पुस्तकाबाहेर ही वाटणी इतकी चोख नाही. बायबलमध्येच ती गळते. पहिल्या स्तोत्रात पाण्याच्या पाटाकाठी उभं असलेलं झाड ‘शातूल’ आहे, म्हणजे लिश्तोलच्या कुळातलं. आणि माझ्या बालवाडीतली पोरं तू-बिश्वातला निम्म्या वेळा ‘शातालनू एत्स’ म्हणायची. मी दुरुस्त करायची नाही. ज्या हाताने पाच वर्षांचं पोर तुरिया उचलतं त्याचं व्याकरण तपासायचं नसतं. शातालचा आणखी एक संसार आहे. दात बसवणं, मूत्रपिंडाचं रोपण, टकलावर केस लावणं, हे सगळं हश्ताला. आणि दुसऱ्याच्या गोटात पेरलेला हेर म्हणजे शातूल. तिथे तुम्ही नाता वापरलंत तर तो हेर मुळं धरेल.

उलट, आशा आणि विश्वास या गोष्टींना मात्र लाताअत. वर्तमानपत्रवाले ‘लाताअत तिक्वा’ लिहितात. आशा रुजवणे. फार लिहितात.

तुमचा कढीपत्ता. तो खरा झाडच, नीट जागा दिली तर दोन पुरुष उंच वाढतो. पण कुंडीत बोटभर रोप लावलं असेल तर मी ‘शाताल्ती’ म्हणेन. जमिनीत उतरवलं की ‘नाताअ्ती’. दिमोनात, अश्दोदमध्ये, लोदमध्ये, जिथे जिथे आमचे लोक आहेत, तिथे जिन्याखालच्या पट्टीत कढीपत्ता दिसतोच. तेवढ्यावरून घर ओळखू येतं.

मी १९७४ साली अंगणात लिंबू लावलं. ते पहिलं झाड जे मी बरोबर शब्दात लावलं. त्याला धरून आणखी एक गोष्ट कळली. लेवीय ग्रंथाच्या १९व्या अध्यायात ‘उनेताअ्तेम’ येतं, ‘आणि तुम्ही लावाल’. हेच क्रियापद. पुढे नियम, की फळझाड लावल्यावर पहिली तीन वर्षं त्याचं फळ खायचं नाही, चौथ्या वर्षीचं देवाचं, पाचव्या वर्षापासून तुमचं. याला ओर्ला म्हणतात. माझ्या सासूबाई कडक. दुसऱ्या वर्षी लिंबाला पाच-सहा फळं धरली, ती त्यांनी माझ्यादेखत तोडून पुरली. मी माशाच्या आमटीत लिंबू पिळायला शेजारणीकडे जायची आणि अंगणात आपलं झाड हिरवंगार उभं.

प्रश्न : आमच्या अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा उरूस भरतो. तोच हा तू-बिश्वात का? आणि ‘तू’ म्हणजे काय? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : तोच. तुमच्या पत्राने मला एकदम खडीवरून धडधडत जाणारी एस.टी. आठवली.

‘तू’ म्हणजे मराठीतला तू नव्हे, तो आकडा आहे. हिब्रूत अक्षरांनीच आकडे लिहितात. तेत म्हणजे ९, वाव म्हणजे ६, बेरीज १५. श्वात महिन्याची पंधरावी तिथी, म्हणून तू-बिश्वात. सरळ हिशोबाने १५ म्हणजे १० आणि ५, योद आणि हे. पण ती दोन अक्षरं देवाच्या नावात येतात. ती अशी पंचांगात हिशोबाला वापरायची नाहीत, म्हणून ९ आणि ६. पौर्णिमेची तिथी असते, तेव्हा खंडाळ्याला रात्री टॉर्च लागत नसे. २०२६ साली हा दिवस २ फेब्रुवारीला आहे, म्हणजे आमच्या रीतीने १ तारखेच्या सूर्यास्तापासून.

मूळचा हा सण लावणीचा नव्हेच. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात चार नवी वर्षं सांगितली आहेत, त्यातलं एक झाडांचं. शम्माय आणि हिल्लेल हे जुने धर्मपंडित. शम्मायच्या घराण्याने म्हटलं श्वातची पहिली तिथी, हिल्लेलच्या घराण्याने म्हटलं पंधरावी. हिल्लेलचं चाललं. उपयोग काय, तर फळांचा दशांश कोणत्या वर्षात धरायचा आणि झाडाचं वय कसं मोजायचं. तलाठ्याच्या कामाचा दिवस म्हणा ना. झाडं लावायचा रिवाज अगदी अलीकडचा. १८९० साली झेएव यावेत्झ नावाच्या शिक्षकांनी झिख्रोन याकोव गावातल्या शाळेची मुलं त्या दिवशी झाडं लावायला नेली. १९०८ साली शिक्षकांच्या संघटनेने ते उचलून धरलं, आणि मग केरेन कायेमेत या १९०१ साली स्थापन झालेल्या संस्थेने. त्या संस्थेने आजवर २४ कोटींहून जास्त झाडं लावली आहेत. म्हणजे ‘नात्ऊ’, त्यांनी लावलं, हे रूप त्यांच्या पत्रकात किती वेळा छापलं असेल विचार करा.

आमच्या कोकणात यातलं काहीच नव्हतं. आम्हाला तो दिवस एलियाहू हन्नाबीचा. खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या घोड्यांच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, इथूनच तो आकाशात गेला, असं मी आजीकडून ऐकलं. नवस फेडायचा, मलिदा वाटायचा. फळं होती, झाड लावणं नव्हतं. आजीच्या वाडीत नारळ-सुपारी इतकी की ‘झाड लावायचा सण’ म्हटलं असतं तर गडी हसले असते. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे आमच्या उत्तरेला यातीरचं जंगल आहे, १९६४ पासून लावलेलं, बहुतेक ‘ओरेन येरुशलायीम’ जातीचे पाइन. तिथे पाऊस २८० मिलिमीटर. एवढ्यावर जंगल उभं आहे, आणि तरी आत शिरलं की कोरडंच वाटतं. बेडूक नाही, चिखल नाही. जंगलाला चिखलाचा वास नाही ही गोष्ट मला पन्नास वर्षांत पटलेली नाही.

इकडे आम्ही दोन्ही करतो. सकाळी झाड, संध्याकाळी मलिदा. आमच्यातले पुष्कळ जण त्या दिवशी हैफाला एलियाहूच्या गुहेपाशी जातात. आणि मलिद्याच्या ताटापुढे मी अजून ‘वेयित्तेन’ला जरा थबकते. सून विचारते, विसरलात का? नाही गं, नून शोधते.

प्रश्न : तुम्ही झाडं लावण्याचं कौतुक लिहिता. पण त्याच झाडांखाली कुणाची गावं होती, हे लिहीत नाही. लिहाल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : लिहिते. संपादकांनी पत्र बाजूला ठेवू का विचारलं, मीच नको म्हटलं.

जेरुसलेमकडे जाताना कॅनडा पार्क लागतं, सहलीची जागा. १९६७ साली तिथल्या इम्वास, यालो आणि बेत नूबा या तीन पॅलेस्टिनी गावांतल्या लोकांना बाहेर काढलं, घरं पाडली. नंतर त्या जमिनीवर झाडं आली. मी तिथे मुलांना घेऊन डबा खाल्ला आहे. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मग माहीत झालं. जानेवारी २०२२ मध्ये आमच्याच नेगेवमध्ये, म्हणजे दक्षिणेतल्या वाळवंटात, झाडं लावण्यावरून तिथल्या बेदुईन अरबांनी मोठी निदर्शनं केली, कारण ज्या जमिनीवर खड्डे खणले जात होते ती ते कसतात. माझ्या बालवाडीत मदतनीस म्हणून एक बेदुईन मुलगी होती. तिच्या वडिलांसाठी ‘नाता’ हा शब्द नुसता सणाचा नव्हता. जिथे पाइन लागला तिथे बार्ली पेरता येत नाही, लिझ्‌रोआ बंद. तिने मला हे एकदाच, भांडी पुसताना सांगितलं. मी काही बोलले नाही, आणि ते न बोलणं मला अजून टोचतं. ऑलिव्हची झाडं उपटली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा बातमीदार जे क्रियापद वापरतात ते लाअकोर, कोहेलेतच्या त्याच ओळीतलं दुसरं. मी कौतुक लिहिते ते शब्दाचं आणि माझ्या लिंबाचं. बाकीचं तुम्ही विचारलंत, बरं केलंत.

प्रश्न : आमची मुलगी तेल अवीवला असते. नातीचं नाव ‘नेता’ ठेवायचं म्हणते. आम्ही काय करावं? (आजी-आजोबा, ठाणे)

उत्तर : पेढे वाटा. नेटा म्हणू नका, नेता असंच म्हणा, ‘ने’वर जोर देऊन. नून-तेत-आयिन, म्हणजे लावलेलं कोवळं झाड. इथे दर वर्गात एखादी नेता असतेच. माझ्या बालवाडीत एका वर्षी तीन होत्या, आणि मधल्या सुट्टीत तिघी एकमेकींशी भांडायच्या. मी बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, मग काय नवल.

नातीला ठाण्याला आणाल तेव्हा शेजारी हसतील, हसू द्या. तिच्या नावातला नून शाबूत आहे, आणि आयिन शेवटी लपलेला आहे. तो कुणी उच्चारत नाही. पाटीवर लिहिताना तेवढा विसरू नका.